दुसरा साबण

"दुसरा साबण? अरे, तुमच्यात सोवळं कधीपासून सुरू झालं?"

स्टोअरच्या खिडकीपाशी आमच्या खात्याचे साहेब मोठ्याने म्हणाले. मागे रांग होती. रांग हसली.

सत्तरच्या दशकात पिंपरीच्या त्या कारखान्यात आम्हा कामगारांना दर महिन्याला हात धुवायला साबण मिळायचा. माझा आठवड्यातच संपायचा. माझी जात साहेबांना आडनावावरून कळलेली. म्हणून माझं हात धुणं त्यांना गमतीचं वाटायचं.

खरं काय ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. हाताला लागलेलं काहीतरी घरी जाईल आणि माझी तान्ही मुलगी मरेल, असं सारखं डोक्यात यायचं. खोटं आहे हे कळायचं. तरी धुवायचो. कातडी फाटली, त्यात मशीनचं तेल झोंबायचं. मुलीला उचलून घेत नव्हतो. बायकोला वाटायचं, मुलगी झाली म्हणून मी नाराज आहे. तेही मी तिला वाटू दिलं.

शेवटी पुण्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याला मंत्रचळ म्हणतात. आजार आहे, पाप नाही. गोळी रात्री झोपताना घ्या. तोंड कोरडं पडेल, सुस्ती येईल. गुण यायला दीड-दोन महिने लागतील. मनाने बंद करू नका."

सुरुवातीला नुसतंच तोंड सुकलं. विचार तिथेच. मी पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर होतो. सुस्तीत प्रेसखाली हात जाईल, म्हणून मीच फोरमनला गोळ्यांचं सांगितलं आणि म्हटलं, थोडे दिवस तपासणीच्या टेबलावर बसवा. साहेबांनी टेबल दिलं नाही. झाडू दिला.

"हे तुला जमेल."

दुपारपर्यंत सगळ्या खात्यात बातमी पसरली. "येड्याच्या गोळ्या खातंय त्ये." डबा खाताना माझ्या शेजारी कुणी बसेना. लाजेने मी गोळ्या एकदम बंद केल्या. मळमळ, घाम, झोप गेली. धुणं पहिल्यापेक्षा वाढलं.

पुन्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. कमी मात्रेपासून पुन्हा सुरू केलं, हळूहळू वाढवलं. मग एके दिवशी नळ बंद केला आणि मागे वळलो नाही. भीती होती. तिचा जोर गेला होता.

सुस्तीही उतरली. आता मशीनवर जायला हरकत नाही, असं बाईंनी सांगितल्यावर साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"आधी गोळ्या सोड. मग मशीन."

"साहेब, तुम्ही रोज ब्लडप्रेशरची गोळी घेता. ती सोडून खुर्चीत बसता का?"

ते उठले. "फार बोलायला लागलास."

"व्हय साहेब."

गावचं बोलणं तोंडातून आलं. इतकी वर्षं ते मी त्यांच्यासमोर गिळत होतो. जीभ टाळ्याला चिकटली होती. गोळीने की भीतीने, कळेना. झाडू त्यांच्या भिंतीला टेकवला आणि प्रेसखात्यात जाऊन उभा राहिलो.

सगळे बघत होते. शेजारी कुणी आलं नाही. न येवो. कामावरून काढलं तरी झाडू पुन्हा हातात घेणार नाही. आणि गोळी डॉक्टर सांगतील तेव्हाच सुटेल, साहेब सांगतील तेव्हा नाही.