एकशे तीन ताप

मढ गावात गेली अकरा वर्षं मी आशा कार्यकर्ती आहे. कुणाचं बाळंतपण, कुणाच्या गोळ्या, कुणाच्या पोराचं लसीकरण, सगळीकडे मीच. माझ्या जिभेला हाड नाही असं लोक म्हणतात, ते खरंच आहे. पण रत्नाने ताप सांगितला म्हणजे तो तेवढाच असतो, हे माझा दुस्वास करणारी बाईसुद्धा कबूल करील. हीच माझी एक कमाई होती. ती माझ्या पाठीमागे दुसऱ्याने वापरली, आणि तो राग माझ्या मनातून अजून जात नाही.

वैजयंती ही गोजरबाईची सून, माहेर कळंबचं. शाळेत असताना तालुक्याच्या शर्यतींत पळायची. बारावीनंतर लग्न झालं आणि बूट माहेरच्या माळ्यावर राहिले. मुलगी झाली, आजेसासूच्या नावावरून तिला घरात भागूच म्हणतात. भागू पाच महिन्यांची असताना मी वजन करायला गेले, तेव्हा ही हळूच म्हणाली, "ताई, मी परत पळाया लागले तर दूध आटंल का?"

"नीट खाल्लंस तर नाही आटत," मी म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून बाई रस्त्यावर.

पहाटे भागूला पाजायचं आणि धरणाच्या कडेच्या रस्त्याला लागायचं. परत येईतो छाती दाटून टी-शर्ट ओला व्हायचा, म्हणून वरून ओढणी घट्ट बांधायची. आवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून भात लावायचा आणि तीच कंबर संध्याकाळी चढाला लावायची. गोजरबाईचा पट्टा चालूच असायचा. "पोर रांगाया लागली आन आय डोंगरावर! लोकं मला इचारत्यात, सून पळून गेली का काय."

आणि नवरा? भगवंत पिकअप चालवतो, ओतूरच्या बाजारात माल नेतो. पोलीस भरतीत दोनदा धावण्यातच बाद झालेला गडी. त्याने बायकोचं पळणं असं काही मनावर घेतलं की विचारू नका. भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं. पहाटे मोटारसायकलचा दिवा लावून तिच्या मागे मागे जायचा. अंडी उकडायचा, भागूची दुपटी स्वतः धुवायचा. पोरं हसायची, पण हा मागे हटला नाही. मी तर बायकांच्या बैठकीत त्याचं उदाहरण द्यायची. नवरा असावा तर असा, म्हणायची. आज ते आठवलं की माझ्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

भात झोडून झाल्यावर, आंबेगाव तालुक्यात पन्नास किलोमीटरची शर्यत होती. घोडेगावहून निघायचं, डिंभ्याच्या वर भीमाशंकरच्या रस्त्याने पंचवीस जायचं आणि परत फिरायचं. दोघांनीही नावं दिली. महिनाभर आधी भगवंत मला म्हणाला, "ताई, भरल्या छातीनं ही पन्नास कशी पळंल? आन एवढा वेळ पोरगी ऱ्हायची कशी? दूध तोडलेलं बरं."

मी घरोघर सांगत फिरते, दोन वर्षं अंगावर पाजा. भागू पंधरा महिन्यांची होती. मी भांडले, पण त्यांचं ठरलं होतं. वैजयंतीने कडुलिंबाचा पाला वाटून लावला. पोरगी तोंड लावायची, कडू लागलं की मागे सरून आईकडे बघायची. तीन दिवस रडली, चौथ्या दिवशी मागायची थांबली. त्या दिवशी वैजयंती माझ्या ओट्यावर येऊन रडली. "मी हिचं तोडलंय ताई. आता शर्यत अर्धी सोडून आले तर हिला काय सांगू?"

आदल्या दिवशी दोघं माझ्याकडे आली. ती म्हणाली, "आत्याबाईंचा काय नेम न्हाई. पोर शिंकली तरी निरोप धाडत्याल. कुणीबी काय सांगितलं तरी मी थांबणार न्हाई. फकस्त तुमी म्हणलात तरच थांबीन."

मी शब्द दिला. सकाळपासून भागूजवळ बसेन म्हणाले. हे बोलणं आम्हा तिघांतच झालं.

पुढचं मला वैजयंतीकडून कळलं. भगवंतच्या पोटऱ्यांत अठराव्या किलोमीटरला गोळे आले. तो थांबला आणि आयोजकांच्या टेम्पोत बसला. ही त्याच्यापुढे निघून गेली होती. वळणावर कुणीतरी ओरडलं, बायांमध्ये पहिली! परतीला अडतिसाव्या किलोमीटरला पाण्याच्या टेबलापाशी आली, तर समोर भगवंत उभा.

"भागूला एकशे तीन ताप हाय."

"कुणी सांगितलं?"

"रत्नाताईंनी. टेम्पो खाली गेलता, तिथं फोन आला."

बारा किलोमीटर उरले होते. तिने छातीवरचा नंबर सोडला, टेबलावर ठेवला आणि त्याच्याबरोबर टेम्पोत बसली. डिंभ्याच्या वर फोनला रेंज नाही. खाली घोडेगावात, मोटारसायकल लावली होती तिथे आल्यावर तिने फोन मागितला, तर म्हणे बॅटरी उतरली. जुन्नरमार्गे मढपर्यंत ती मोटारसायकलवर मागे बसून देवाचं नाव घेत आली.

मी अंगणातच होते. भागू आजीच्या मांडीवर भाताची पेज पीत होती, निम्मी गालाला. वैजयंतीने धावत येऊन तिच्या कपाळाला हात लावला, मग पोटाला, मग मानेला. मग माझ्याकडे बघितलं.

"ताप कवा उतरला?"

"कसला ताप?"

भगवंत गाडीपाशी हेल्मेटचा पट्टा सोडत होता. किती वेळ लागतो हो पट्टा सोडायला? त्याचा सुटतच नव्हता.

मला कळायला क्षण लागला आणि मग माझं डोकं फिरलं. "भगवंता, माझं नाव का घातलंस मधे?"

"दुसऱ्या कुणाच्या नावानं ती थांबलीच नसती, ताई." खाली बघत तो म्हणाला. मग जरा जोरात, "बायको पळून येणार आन नवरा टेम्पोत बसून! गावात तोंड कुठं दाखवू? आन शर्यत पुढच्या वर्षी हायच की."

गोजरबाई पेजेची वाटी धरून तशीच बसली होती. ती सुनेला म्हणाली, "पोर दोनदा लई रडली गं. तरी मी तुला निरोप न्हाई धाडला. रत्नाला इचार."

खरं होतं ते. जिच्यावर भरवसा नव्हता तीच खरी वागली होती. वैजयंती तिथेच अंगणात बसली. भागू तिच्या अंगावर चढून टी-शर्ट ओढत होती, महिन्याभराने पुन्हा मागत होती. आता तिथे काही नव्हतं.

माझी चूक नाही, हे वैजयंतीला माहीत आहे. तिने तसं दोनदा सांगितलं. नवऱ्याला सोडून ती गेली नाही, घरात बोलते-चालते. भिंतीवरचं वेळापत्रक मात्र तिने फाडलं. आता एकटीच पळते, फोन दंडाला बांधून. मागे मोटारसायकलचा दिवा नसतो, पोर गोजरबाई सांभाळते.

गेल्या महिन्यात एका सकाळी गोजरबाईने मला हाक मारली. भागूचं अंग तापलं होतं. मी ताप मोजला आणि वैजयंतीला फोन लावला. ती धरणाच्या पलीकडे होती, धापा टाकत होती.

"वैजयंती, भागूला ताप आलाय. एकशे एक पॉइंट पाच. ये."



"ताई," ती म्हणाली, "थर्मामीटरचा फोटू पाठवता का?"

मला राग यायला हवा होता, आला नाही. रडू आलं. मी फोटो काढू लागले, तर भगवंत दारातून म्हणाला, "फोटू कशाला, ताई?"

"गप!" गोजरबाई ओरडली. मी फोटो पाठवला.

वीसेक मिनिटांत वैजयंती आली, घामाने निथळत. मी भागूच्या कपाळावर पट्टी ठेवत होते. तिने माझ्या पिशवीतून थर्मामीटर काढला, पुसला आणि पोरीच्या काखेत धरला. माझ्याकडे तिने बघितलं नाही. वाजेपर्यंत तो तसाच धरून ठेवला. अकरा वर्षांत मी मोजलेला ताप कुणी पुन्हा मोजला नव्हता.

एकशे एक पॉइंट पाच. तेवढाच होता.