बाहेरचे झिंगे
मळीचा आंबूस वास आला की मला बालाघाटाच्या पायथ्याचं आमचं तळं आठवतं. कुणीतरी त्यात बाहेरचे मोठे झिंगे सोडले होते. त्यांनी गावरान झिंगे संपवले, जाळी कातरली. मासे धरून जगणारी माझी चुलती त्यांच्यावर रोज चिडायची. एका उन्हाळ्यात वरच्या साखर कारखान्याचं मळीचं तपकिरी पाणी तळ्यात उतरलं आणि सकाळी आम्ही दोघी गेलो, तर तेच झिंगे काठावर चढून तडफडत होते. कारखान्याचा माणूस हसत म्हणाला, “मावशी, तुमचीच तक्रार होती ना? गेली पीडा.” चुलतीनं त्याच पाण्यानं तांब्या भरला आणि त्याच्यापुढं धरला. “पीडा आमची हाय, आमी बघून घेऊ. तुमी हे पिऊन दाखवा.” तो मागं सरला. मग ती तांब्या घेऊन कारखान्याच्या फाटकात बसली, शेजारी मी, मागं गावच्या बायका. चौथ्या दिवशी तळ्यात येणारा पाईप बंद झाला. पावसाळ्यानंतर पाणी निवळलं, तेव्हा खोल डोहात तगलेले बाहेरचे झिंगेच आधी वर आले. आता जाळं माझ्या हातात आहे. त्यांच्याशी माझं भांडण रोजचंच, पण ते नितळ पाण्यात चालतं.