मिठातला जीव

नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते, तेव्हाची गोष्ट. पुसदच्या बाजारात मी सुकी मासळी विकायची. समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या माशांवर कधी लाल डाग धरायचे. तसला माल मी बारदानाखाली लपवायची.

एका बाजाराच्या दिवशी चष्मेवाला परका माणूस आला. चांगला तुकडा उचलायचा, उजेडाकडे धरायचा, नाकाशी न्यायचा आणि परत ठेवायचा.

"लाल पडलेला आहे का?" त्यानं हळूच विचारलं.

तपासनीसच, दुसरा कोण!

"लाल काहून पायजे? आपल्यापाशी नाई तसला," म्हणत मी बारदान पायानं सारलं. नेमकं तेच त्यानं पाहिलं. घाबरून मी तो लाल मासा उचलून बादलीत धुवायला निघाले, तर त्यानं हातच जोडले.

"बाई, धुऊ नका! समुद्रातले बारीक जीव आहेत हे. मिठातच जगतात, गोड्या पाण्यानं मरतील. यांतल्या कित्येकांना अजून कुणी नावही दिलेलं नाही."

सडक्या माशासाठी हात जोडणारा साहेब मी पाहिला नव्हता. तरी त्याचा भरवसा मला आला नाही. त्यानं चाकूनं लाली खरवडून काचेच्या नळीत भरली, तेवढा वेळ मी त्याच्या हातांवरून नजर हटवली नाही.

तो निघताना मी मूठभर मीठ मात्र पुडीत बांधून दिलं.

"तुमच्यासाठी नाई, साहेब. त्याईले वाटेत लागंन."