जिंकलेली मॅच

सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावची आकांक्षा खिल्लारे सहा फूट उंच. गाव तिच्या उंचीला हसायचं. त्याच उंचीनं तिला पोलंडमधल्या एका व्यावसायिक बास्केटबॉल क्लबात नेलं. तीन वर्षं ती तिथं खेळली. आई केशरबाई तिच्या मॅच मोबाइलवर बघायची. नियम तिला कळायचे नाहीत. पोरगी पडली की जीव घाबरा व्हायचा, एवढंच.

उपांत्य सामन्याच्या दिवशी सकाळी केशरबाईच्या छातीत कळ आली आणि तिचा जीव गेला. वडील मुंजाजींनी सगळ्यांना बजावलं, "मॅच होईपर्यंत लेकराला कळू देऊ नका."

ते स्मशानातून घरी परतले, तोच आकांक्षाचा फोन आला. ती धापा टाकत होती. "बाबा, जिंकलो आमी! आईनं बघितलं ना? तिला द्या फोन."

"बाई, तुझी आई सकाळीच गेली."

पलीकडून नुसता मैदानावरचा जल्लोष ऐकू येत राहिला. मग ती म्हणाली, "काहून न्हाई सांगितलं?"

"तू खेळून राहिली होतीस, बाई."

अंतिम सामना सोडून ती गावी आली. नंतर परत गेली, पण तिचा खेळ काही पहिल्यासारखा जमेना. क्लबनं पुढचा करार केला नाही.

आता ती हिंगोलीत मुलींना बास्केटबॉल शिकवते आणि वडिलांना सांभाळते. एकदा ताटावर बसलेले मुंजाजी म्हणाले, "चुकलो मी, बाई."

"भाजी घ्या, बाबा," ती म्हणाली आणि आत निघून गेली.