आधी शेपटाले पाणी

बुढी आणि मी मिळून शेवटचं साधं काम केलं, ते अंगणात चिंचोके मांडायचं. मी एकेक देत होतो, ती मांडत होती. एक चिंचोका म्हणजे धानाची एक बांधी, बांध घातलेला शेताचा तुकडा. खाटेवर बेलबॉटमवाला, शहरातून आलेला, कॉलेजात सोळावी शिकणारा पोरगा. जिल्ह्याचा विकास कसा आखावा, हे शिकत होता. तुमसर तालुक्यात, बपेऱ्याच्या पुढं आमचं गाव. आमच्या तलावाचं पाणी कोणाले कधी भेटते, ते त्याले लिहायचं होतं.

"मावशी, आधी तलावाजवळच्या बांध्या भरतात ना?"

"नाही बाबू. आधी शेपटाच्या, पार खालच्या टोकाच्या. वरच्याचं आधी भरलं तं खाली थेंब कोण सोडन?"

तो हसला. तीही हसली. चाळीस वर्षांच्या संसारात तिले असं हसताना मी पाहिलं नव्हतं. माझ्या अंगाची आग झाली. त्याच्या पेनावर जळलो. तिनं त्याले दुसऱ्यांदा दिलेल्या चहावर जळलो. मी तिसरी नापास, तिनं तर शाळाच पाहिली नव्हती. पण अख्खा तलाव तिच्या डोक्यात.

तो गेल्यावर म्हटलं, "मले तं कधी एवढं सांगतलं नाही."

"तुमी इचारलं कधी?"

दुसऱ्या दिवशी तिले ताप चढला. चौथ्या दिवशी गेली.

तेरवी झाली अन् शाळेत पाण्याच्या पाळीची बैठक भरली. पोरगा त्याच्या प्राध्यापकाले घेऊन आला. मालगुजार, गावचा जुना जमीनदार, खुर्चीवर. एक खुर्ची रिकामी होती, मी टेकलो.

"बाबा, ती अभ्यासकांसाठी आहे. खाली बसा," प्राध्यापक म्हणाले.

बसलो. जमिनीवर.

भिंतीवर मोठा कागद लावला. तिचाच तलाव, तिच्याच बांध्या. पण पाळी उलटी. आधी तलावाजवळच्या, म्हणजे मालगुजाराच्या. शेपटाच्या, म्हणजे आम्हा लोकांच्या, सगळ्यात शेवटी. हा कागद तुमसरले कचेरीत जाणार, अन् यंदापासून पाणी तसंच सुटणार.

मी म्हटलं, "हे माझ्या बुढीनं सांगतलं. तुमी उलटं लिहिलं."

पोरगा प्राध्यापकाले म्हणाला, "सर, बाई निरक्षर होत्या. त्यांची चूक मी सुधारली."

मालगुजार म्हणाला, "बुढी मेली, तं तलाव तिच्या नावावर झाला का रे?"

सारे हसले. माझ्या बाजूले जमिनीवर बसलेलेही हसले. ज्यांच्या बांध्या सुकणार, तेही.

मी उठलो अन् त्याच खुर्चीवर जाऊन बसलो. "कागद तुमसरले द्या का दिल्लीले. पाणी आधी शेपटालेच जाईन."

खरं सांगतो, तेव्हाही मी जळतच होतो. तिचं ते बोलणं माझ्या घरात चाळीस वर्षं पडून होतं. मी घेतलं नाही. त्यानं एका सकाळी घेतलं, अन् मोडून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फावडं घेऊन तलावावर गेलो. वरच्या बांध्यांची नाली मातीनं बुजवली, तलावाचं दार उचललं, पाणी खाली शेपटाकडं काढलं. मालगुजाराचा गडी धावत आला.

"कोणाले इचारून सोडलं, बुढ्या?"

"कोणालेच नाही. उद्याही नाही इचारणार."

त्यानं नाली फोडायले फावडं उचललं. मी नालीत उतरून बुजवलेल्या मातीवर उभा राहिलो.

"आधी मले फोड," म्हटलं.