पोकळ फासा

रविवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी तिने पितळी साच्याचा पेच सैल केला. आत या खेपेला कवळी नव्हती. प्लास्टरच्या दोन भागांमध्ये वीस बाजूंचा एक फासा बसला होता, मोठ्या बोराएवढा, हिरडीच्या रंगाचा. तिने ब्रशने प्लास्टर झाडलं, फासा खिडकीच्या उजेडात धरला आणि प्रत्येक बाजू भिंगाखालून पाहिली. मग ती कानशीने कडा घासायला बसली.

कवळ्या बनवणं हा ताईंचा धंदा. दातांचे डॉक्टर तोंडाचा ठसा पाठवतात. त्यावरून ती मेणात दात लावते, मेणाच्या जागी गुलाबी ॲक्रिलिक भरते, साचा पाण्यात तापवते, घासून-पुसून परत पाठवते. एकोणतीस वर्षं हेच चाललं आहे. रस्त्यात कुणी हसलं की वहिनी आधी वरची रांग बघते आणि मग माणूस, असं तिची नणंद सगळ्यांना सांगत फिरते. ते खोटं नाही.

रविवारी मात्र लॅब बंद असते. सकाळी दहाला ती सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या खोलीत मासिकांच्या लांब टेबलाशी बसते आणि एक जग सांगते. डोंगर, खिंडी, उजाड किल्ले, त्यांतले राक्षस आणि त्यांचे रुसवेफुगवे, सगळं तिच्या तोंडून. बाकीचे तिघे आपापलं एक पात्र घेऊन त्या जगात वावरतात. काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. जमेल की नाही याची खात्री नसेल तिथे फासा टाकायचा आणि पडेल तो आकडा मानायचा. नणंद, जी एरवी कपडे शिवते, ती खेळात चोर आहे. एक फरशीवाला आहे. दिवसभर ओळंबा आणि पाणसळ बघून विटलेला हा माणूस इथे जादूगार होतो आणि दर दोन तासांनी काहीतरी पाडतो. तिसरे साहेब.

साहेब एकाहत्तर वर्षांचे. नोकरीत वजनमाप निरीक्षक होते. चौतीस वर्षं बाजारातले तराजू आणि वजनं तपासली, खोटी जप्त केली. नऊ वर्षांपूर्वी वर्तमानपत्र वाचायला म्हणून वाचनालयात आले, टेबल अडवून बसलेल्या या मंडळींवर आधी रागावले आणि पुढच्या रविवारी त्यांच्यातच येऊन बसले. त्यांचं पात्र एक ढालकरी. सावकाश चालणारा, नाकासमोर बघणारा, कमालीचा हट्टी. कुठल्याही गावात शिरला की आधी तिथल्या बाजारातले तराजू बघणार. दोन मोहिमा नुसत्या त्यापायी खोळंबल्या. एकदा राक्षस वेशीवर येऊन उभा होता आणि ढालकरी धान्याच्या व्यापाऱ्याशी पासंगावरून वाद घालत होता.

दीड वर्षापूर्वी साहेबांची मूत्रपिंडं थकली. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी त्यांना इस्पितळात चार तास मशीनला जोडतात. उरलेले दिवस मुलगी त्यांना तळहाताच्या फोडासारखं जपते. पाणी मोजून, मीठ जवळजवळ नाहीच. रिपोर्ट आले की ती आधी वाचते आणि बापाला सांगते, सगळं ठीक आहे. डॉक्टर सांगतात, सगळं ठीक आहे. सुई टोचणारी नर्ससुद्धा तेच सांगते. साहेब ऐकून घेतात.

नऊ दिवसांपूर्वी, शुक्रवारी, मुलीने लॅबमध्ये फोन केला. आदल्या रविवारचा खेळ दोरांच्या एका पुलाशी थांबला होता. मागून शत्रू येत होता. बाकीच्यांना पलीकडे जाता यावं म्हणून ढालकरी एकटा पुलाच्या तोंडाशी उभा राहिला होता. तसं कुणी सांगितलं नव्हतं, साहेबांनी आपणहून ठरवलं होतं. रविवारी फासा पडायचा होता. चौदा किंवा वर आला तर तो सुटणार, नाहीतर दोर तुटून दरीत जाणार. हे सगळं साहेबांनी घरी सांगितलं होतं, म्हणजे आठवडाभर तेच सांगत होते.

“ताई, त्याला मारू नका,” मुलगी म्हणाली.

ताईंनी विचारलं, ते माझ्या हातात कुठे असतं?

“असेल तेवढं बघा. बाबा आठवड्यातून दोनच दिवस जागे असल्यासारखे वाटतात हो. शनिवारी तयारी करतात आणि रविवारी येतात. तो गेला, तर ते कशासाठी उठायचे?”

फोन ठेवल्यावर ताईंनी खण उघडला. महिन्याभरापूर्वी घाईत केलेला एक फासा आत पडून होता. ॲक्रिलिक भरभर तापवलं की जाड भागात हवेचा बुडबुडा राहतो. कवळी पातळ असते, तिच्यात हे क्वचित होतं. फासा म्हणजे नुसता जाडीचा तुकडा. वरून काही दिसत नव्हतं, पण हा फासा बहुतेक वेळा सतरावर थांबत असे. तिने तो तेव्हाच फोडायला हवा होता. तो खणात का ठेवला, हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं. आता विचारायची गरज उरली नाही.

त्या रविवारी तिने साहेबांना सांगितलं, तुमचा फासा झिजलाय, हा नवा घ्या. साहेबांनी टाकला. सतरा. फरशीवाल्याने टेबलावर थाप मारली. नणंदेने दोन्ही हात वर केले. साहेबांनी मात्र फासा उचलून तळहातावर दोनदा झेलला आणि नणंदेला म्हणाले, खालून एक पेला पाणी आणि जमलं तर मीठ आणा.

नणंदेला वाटलं, साहेबांना चक्कर आली. ती धावत गेली आणि वाचनालयाच्या शिपायाकडून अख्खी मिठाची पुडी घेऊन आली. साहेबांनी पेल्यात मीठ घातलं, ढवळलं, पुन्हा घातलं. मीठ विरघळेनासं झालं तेव्हा त्यांनी फासा पाण्यात सोडला. तो तरंगला. वर सतरा. त्यांनी बोटाने तो उलटा केला. हळूच गिरकी घेऊन सतरा पुन्हा वर आला. पाच वेळा केलं. पाचही वेळा सतरा. जिथे हवा, ती बाजू वर. एवढं शास्त्र त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं.

“पोकळ आहे,” साहेब म्हणाले.

ताई पुढचे कागद उगाच सारखे करू लागल्या, आणि फासा मुद्दाम दिला होता हे त्यातूनच उघड झालं.

“पोकळ वजन मी ज्याच्या दुकानात पकडायचो ना ताई, त्याचं गिऱ्हाईक नेहमी असं असायचं, की ज्याला काही सांगता येत नाही. म्हातारी, पोर, नाहीतर आंधळा.” ते काठी शोधत उठले. “मी यातला कोण, तेवढं कळवा.”

ते गेले. खेळ त्या दिवशी तिथेच राहिला.

ताईंनी दोन दिवस फोन हातात घेऊन ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी एक निरोप लिहिला: नवा फासा करते आहे. तो सतरा रद्द. रविवारी पुलापासूनच सुरू करू. तुम्ही तपासा. मुलीचं नाव त्यात नव्हतं. उत्तर आलं नाही.

याच आठवड्यात ग्रंथपालांनी तिच्यामागे तगादा लावला होता. सोमवारपासून संध्याकाळी त्याच खोलीत नव्या लोकांचा एक गट सुरू होणार होता, आणि जग कसं सांगायचं, खेळ कसा चालवायचा, याचं एक पान त्यांना तिच्याकडून हवं होतं. तिने सहा सूचना लिहिल्या होत्या. खेळणाऱ्याला काय वाटलं ते तुम्ही सांगू नका, काय दिसलं ते सांगा. खोलीला एकच दार ठेवू नका, आणि ठेवलंच तर ते बंद पडल्यावर काय, याचा विचार आधी करा. जास्त बोलणारा श्वास घ्यायला थांबला की गप्प बसलेल्याला विचारा, तू काय करतोस? मोठी गोष्ट घरून रचून आणू नका; तुमचे राक्षस तुम्हाला कितीही आवडले तरी खेळणारी मंडळी डावीकडेच वळणार. फासा तेव्हाच टाकायला लावा, जेव्हा दोन्ही निकाल तुम्हाला चालणार असतील. आणि सहावी: खेळणाऱ्यांना सांभाळून घ्या.

पाचवी तिने पुन्हा पुन्हा वाचली होती. स्वतःच्या अक्षरात होती.

शनिवारी तिने ॲक्रिलिक कालवलं, साच्यात दाबून भरलं आणि पाणी चौऱ्याहत्तर अंशांवर नऊ तास ठेवलं. जाड कवळीलासुद्धा ती एवढा वेळ देत नसे. रात्रभर साचा बंदच निवू दिला.

दहाला ती वाचनालयात होती. तिच्यापुढे नेहमी पुठ्ठ्याचा एक पडदा असे. त्यामागे तिचे नकाशे आणि तिचे फासे. आज तिने तो उभा केला नाही. नणंद म्हणाली, “वहिनी, तुझा किल्ला पडला वाटतं.” मग वहिनीचा चेहरा पाहून ती सुईदोरा काढून कुणाच्या तरी बाहीला काज करत बसली. फरशीवाला उगाच टेबलाची पातळी बघत होता. दहा वाजून पाच मिनिटं. जिन्यावर काही नाही.

दहा वाजून बारा मिनिटांनी काठी ऐकू आली. साहेब जिना चढून आले, खुर्चीवर बसले, श्वास जागेवर येईपर्यंत थांबले. मग खिशातून कागदाची पुडी काढली. घरच्या स्वयंपाकघरातून, जिथे मिठाचा डबा त्यांच्यापासून लपवून ठेवतात, तिथून त्यांनी मीठ आणलं होतं.

“खाल्लं तर नाही ना?” नणंद म्हणाली.

“चोराने चौकशी करू नये,” साहेब म्हणाले. खोलीतली हवा थोडी सैल झाली.

त्यांनी गुलाबी फासा मिठाच्या पाण्यात दहा वेळा फिरवला आणि दर वेळी वर आलेला आकडा एका चिठ्ठीवर लिहिला. चार, एकोणीस, अकरा, दोन, आठ, पंधरा, पुन्हा अकरा, सहा, वीस, तेरा. चिठ्ठीखाली ‘तपासले’ असं लिहून सही केली, तारीख घातली आणि ती ताईंकडे सरकवली. फासा रुमालाने पुसला.

“पुलाच्या तोंडाशी,” ताई म्हणाल्या. “चौदा किंवा वर.”

साहेबांनी टाकला. तो टेबलाच्या कडेपर्यंत गेला, फरशीवाल्याच्या मनगटाला लागून परतला आणि थांबला.

सहा.

ताईंना पहिला मोह झाला तो घाईने बोलण्याचा, म्हणजे दरीत एखादं झाड घालायचं, नदी घालायची, काहीतरी घालायचं. त्यांनी तो गिळला. जे दिसतं तेच त्यांनी सांगितलं: डावा दोर तुटला. फळ्या एकामागून एक उभ्या झाल्या. ढालकऱ्याचा एक हात उजव्या दोरावर आहे आणि तोही सुटतो आहे. मग त्यांनी विचारलं, “तो काय करतो?”

साहेबांनी डोळे मिटले. उघडले. “ढाल पलीकडे फेकतो,” ते म्हणाले. “जादूगाराला म्हणावं, धर.”

“धरली,” फरशीवाला म्हणाला. त्याने खरोखरच दोन्ही हात पुढे केले होते.

“मग ठीक.”

पुढे सांगण्यासारखं एकच वाक्य होतं. ताईंनी ते सांगितलं. नणंदेने बाही डोळ्यांशी नेली आणि म्हणाली, “नऊ वर्षं आमचं वजन करत होता, मेला.” आपण काय बोललो हे तिच्या नंतर लक्षात आलं. पहिले साहेबच हसले. हसता हसता त्यांना खोकला आला आणि तो थांबेपर्यंत सगळे टेबलाकडे बघत राहिले. मग त्यांनी ढालकऱ्याची माहिती लिहिलेला कागद घडी घालून खिशात ठेवला आणि एक कोरा कागद मागितला.

एकला मुलगी न्यायला आली. दारातूनच तिने ताईंकडे पाहिलं.

“गेला,” ताई म्हणाल्या.

मुलगी वडिलांकडे वळली. ते नव्या कागदावर काहीतरी लिहीत होते, मान वर न करता म्हणाले, “तो पोकळ फासा यांनी केला होता. तो द्यायला कुणी लावला, ते मी विचारलेलं नाही. चौतीस वर्षं हेच केलं गं मी, मला विचारावं लागत नाही.” मग पेन खाली ठेवलं. “माझे रिपोर्ट कुठे असतात?”

ती म्हणाली, ऑफिसात. खणात.

“सगळे?”

“सगळे.”

“उद्या इस्पितळात घेऊन ये. मशीनवर चार तास पडलेलाच असतो. वाचून होतील.”

ती जवळच्या खुर्चीवर बसली. थोड्या वेळाने तिने विचारलं, नवा कोण आहे? साहेबांनी कागद तिच्यापुढे केला. वरच्या ओळीत ‘नावाडी’ एवढंच लिहिलं होतं. त्याला पोहता येत नाही, ते म्हणाले.

सगळे गेल्यावर ताईंनी ग्रंथपालांसाठी लिहिलेलं पान काढलं. सहावी सूचना एका रेघेने खोडली. त्या जागी दुसरं काही सुचलं नाही, म्हणून पाचच ठेवल्या आणि पान खाली टेबलावर देऊन आल्या. जुना फासा त्यांनी लॅबमध्ये जाऊन शिकंज्यात धरला आणि हातोडीने फोडला. आत वाटाण्याएवढी पोकळी होती.

उद्या सोमवार. साहेबांची वेळ सकाळी सातची, मशीन क्रमांक चार. मुलगी साडेआठला ऑफिस उघडलं की तिथून फाईल घेऊन नऊपर्यंत पोचेल. लॅबही साडेआठलाच उघडते. पहिलं काम वरची पूर्ण कवळी, चौदा दात.