मुलीच्या खर्चाचं ठरलं तेव्हा

आम्ही वेगळे झालो तेव्हा मुलगी साडेपाच वर्षांची होती. नेमकं कशावरून बिनसलं, हे मला आजही धड सांगता येणार नाही. बायको तिला घेऊन मालाडला आपल्या थोरल्या भावाकडे गेली आणि परत आली नाही. मी मुलुंडला, आमच्याच खोलीत, एकटा राहिलो. जवळच्या एका रंगाच्या कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो.

कोर्टाची पायरी चढायची नाही, एवढं मात्र दोघांनाही पटत होतं. एका रविवारी तिच्या भावाने मला बोलावून घेतलं.

"तुमचं काय ते तुम्ही दोघं बघा," तो म्हणाला. "पोरीचं मात्र आज ठरवून टाकू."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "मला माझ्यासाठी काही नको. मी बालवाडीत शिकवायला जातेय. तिची शाळा, दूध, औषधपाणी, तेवढं द्या."

पगाराचा तिसरा हिस्सा मी कबूल केला. भावाने वहीच्या कागदावर लिहिलं, मी सही केली, चहा झाला. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. मी तर दिवसभर वाद घालायच्या तयारीने गेलो होतो.

सुरुवातीला पगारानंतरच्या रविवारी मी स्वतःच पैसे घेऊन जायचो. मुलगी जिन्यातच गाठायची, माझे खिसे चाचपायची. निघायची वेळ झाली की माझ्या पायाला मिठी मारायची आणि मामाला तिला सोडवून घ्यावं लागायचं. चौथ्या महिन्यात बायको माझ्यामागून खाली गेटपर्यंत आली.

"एक सांगू? रागावू नका. तुम्ही येऊन गेलात की ती चार-चार दिवस धड जेवत नाही. शाळेत रडते. मनीऑर्डर करत जा ना."

"म्हणजे येऊच नको?"

"थोडे दिवस."

थोडे म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मग दोन वर्षं मी पोस्टाच्या रांगेत उभा राहिलो. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर निरोपाला जागा असते. तिथे मी 'मुलीच्या खर्चासाठी' एवढंच लिहायचो. जास्त लिहायचा धीर व्हायचा नाही. बाकी रविवारच्या दुपारी सरता सरायच्या नाहीत. धुतलेले कपडे मी दोन-दोनदा इस्त्री करायचो.

तिसऱ्या वर्षी मला कावीळ झाली आणि एका महिन्याची मनीऑर्डर राहिली. वीस तारखेच्या सुमारास दारावर थाप पडली. बायको होती. पैसे का आले नाहीत ते विचारायलाच आली असणार, पण माझे पिवळे डोळे पाहून तिने पदर खोचला. तिने स्टोव्ह पेटवून पेज केली, अंथरूण झटकलं.

"पैशांचं नंतर बघू," ती म्हणाली.

"तू एकटीच आलीस?"

ती जरा घुटमळली. "खाली आहे ती. मामाबरोबर."

"वर का नाही आणलंस?"

"तुम्हाला असं बघितलं तर घाबरेल हो."

मी कसाबसा खिडकीशी गेलो. पण आमची खिडकी मागच्या गल्लीवर उघडायची. तिथून फक्त पलीकडच्या इमारतीची भिंत दिसली.

जाताना ती म्हणाली, "बरे झालात की या घरी. भेटा तिला."

दोन महिन्यांनी गेलो. मुलगी उंच झाली होती, दोन वेण्या घातल्या होत्या. ती आतून ट्रेमध्ये पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "तुम्ही चहा घेणार का?" पूर्वी ती मला 'ए बाबा' म्हणायची.

"कितवीत गं आता?"

"तिसरीत."

"शाळा आवडते?"

"हो."

बायकोने बशीत चिवडा आणून ठेवला आणि सहज म्हणाली, "आता दर महिन्याला येत जा. आता रडत नाही ती."

मी मान हलवली. चिवडा खाल्ला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघालो. गॅलरीतून तिने हात केला, अगदी शहाण्यासारखा. ती दहावी होईपर्यंत मी दर महिन्याला जात राहिलो. एकदाही तिने मला थांबा म्हटलं नाही.